चार सूत एमएस की तीन सूत एआर ५००: घरच्या रेंजवरच्या स्टील टार्गेटचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मावसभावाच्या घरचं आहे. त्याला विचारूनच लिहितोय, फक्त नावं गाळलीत आणि ओळख पटेल असे तपशील थोडे इकडेतिकडे केलेत, बाकी जे घडलं ते तसंच. आम्ही दोघंही मूळचे कोल्हापूरचे. दादा टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीत राहतो, तिथे त्याने थोडी माळरानाची जमीन घेतलीय, चुनखडीचे दगड, सीडरची झुडपं आणि हरणं, एवढंच. मी त्याच्यापासून अडीच तासांवर असतो आणि एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघतो, त्यामुळे स्टीलचं काही निघालं की पहिला फोन मला येतो.

सुरुवात पुतणीपासून झाली. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ मिळवलं तेव्हा आमच्या सगळ्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दुसरं काही नव्हतंच, आपल्या जिल्ह्याचा पोरगा म्हणून. दादाची मुलगी तेव्हा पंधराची, तिने ते बघून हट्ट धरला. दादाकडे लायसन्स, ट्रेनिंग, कपाट-कुलूप सगळं आधीपासून व्यवस्थित, एक पॉइंट टू टू रायफल, एक नाइन एमएम पिस्तूल, आणि टू टू थ्री आणि थ्री ओ एट या त्याहून ताकदवान गोळीच्या दोन रायफली, दुसरी जुनी. जमिनीवर नेमबाजी करता येते का हे त्याने काउंटीच्या ऑफिसात जाऊन आधीच विचारून घेतलं होतं, आणि गोळी आपल्या कुंपणाबाहेर जाता कामा नये म्हणून ट्रकने माती आणून मोठा बांध घातला होता. माती मुद्दाम चाळलेली, कारण तिथल्या जमिनीत दगडच दगड आणि दगडावर गोळी लागली की ती कुठे उडेल त्याचा नेम नाही. इथपर्यंत त्याचं काम एकदम चोख होतं.

कागदाची टार्गेटं लावून महिनाभर झाला आणि मग पोरीला कंटाळा आला. दर दहा गोळ्यांनी चालत जाऊन कागद बघायचा, परत यायचं. स्टीलवर गोळी लागली की टण्ण आवाज येतो, लागली हे तिथल्या तिथे कळतं. तेव्हा ठरलं की स्टीलची टार्गेटं घरीच बनवायची.

काय झालं

शेजारी एक वयस्कर रँचवाले आहेत, वेल्डिंगचा जन्मभराचा हात, गोठ्यामागे भंगाराचा ढीग. त्यांनी मोठ्या मनाने एक प्लेट फुकट दिली, अर्धा इंच जाड, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या भाषेत चार सूत, साधं माइल्ड स्टील म्हणजे एमएस. दोन बाय दोन फुटांची. दादाने ती एका ओंडक्याला टेकवून उभी केली, वरची बाजू मागे कललेली, जशी आपण भिंतीला फळी टेकवतो तशी.

पहिल्या शनिवारी पॉइंट टू टू आणि नाइन एमएम चालवली. काही झालं नाही, शिशाचे करडे ठसे तेवढे उठले. त्यामुळे सगळ्यांना वाटलं प्लेट दणकट आहे. पुढच्या शनिवारी टू टू थ्री काढली, पन्नास यार्डांवरून (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरा कमी). टू टू थ्रीच्या ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीचा वेग नळीतून सुटताना सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास असतो, पन्नास यार्डांवर तो फारसा कमी झालेला नसतो. प्लेटवर खड्डे पडायला लागले. दादाला त्यात काही वावगं वाटलं नाही कारण आरपार तर काही जात नव्हतं.

तिसाव्या-पस्तिसाव्या गोळीला काहीतरी परत आलं आणि त्याच्या उजव्या हाताच्या कोपराखाली लागलं. तांदळाच्या दाण्याएवढा तांब्याचा तुकडा, गोळीच्या कवचाचा. चष्मा होता डोळ्यावर, तिघांच्याही होता, पण पोरगी त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती. वहिनींनी चिमट्याने तो तुकडा काढला आणि त्या दिवसापासून रेंज बंद म्हणून सांगितलं. मला फोन आला तो त्या रात्री.

मी पुढच्या आठवड्यात जाऊन ती प्लेट बघितली, आणि ती मी विसरणार नाही. समोरून अगदी आप्पेपात्र. एकेक खड्डा गोल, आत गुळगुळीत, आणि कडेला बाहेर वळलेला ओठ, बोट फिरवलं तर कापेल असा. मागून हात फिरवला तर प्रत्येक खड्ड्यामागे फुगवटा. एका खड्ड्यात आधीच्या गोळीचं तांबं अजून चिकटलेलं होतं. असा खड्डा म्हणजे एक छोटी वाटीच झाली की, पुढची गोळी त्या वाटीत पडली की तिचे तुकडे बाजूला पसरायच्या ऐवजी वाटीच्या भिंतीवरून वळून आल्या वाटेने परत जातात. सपाट कडक प्लेटवर तसं होत नाही, तिथे गोळी फुटते आणि तुकडे प्लेटच्या पृष्ठभागाला जवळपास चिकटून चारी बाजूंना थाळीसारखे उडतात. सगळा फरक इथे आहे.

चुकीचा प्रश्न

दादाचा मला पहिला प्रश्न होता, "मग किती जाड घेऊ? पाऊण इंच बास होईल?"

मला वाटतं बहुतेक जण इथेच अडकतात, म्हणून यावर जरा थांबतो. जाडी वाढवली तर गोळी आरपार जाणार नाही हे खरं, पण अर्ध्या इंचातूनही ती आरपार जातच नव्हती. हाताला लागलं ते प्लेट पातळ होती म्हणून नाही, मऊ होती म्हणून लागलं. पाऊण इंच काय आणि इंचभर काय, माइल्ड स्टीलला खड्डे पडणारच, कारण त्याची ब्रिनेल हार्डनेस, म्हणजे कडकपणाचा आकडा, १२० ते १५० च्या आसपास असते. एआर ५०० या कडक, न झिजणाऱ्या स्टीलची साधारण ४७० च्या पुढे, ५०० च्या आगेमागे. जवळजवळ चौपट. पाऊण इंची एमएसची १२ बाय २० इंचाची प्लेट ५१ पौंड भरते, ती उचलून कंबर मोडेल आणि वर पुन्हा आप्पेपात्रच.

मी त्याला आमच्या आजोबांची आठवण दिली. आजोबा कोयत्याला पाणी पाजायचे तेव्हा सांगायचे की लोखंड जाड असून उपयोग नाही, पाणी धरलं पाहिजे. एआर ५०० म्हणजे असं कारखान्यात पाणी पाजलेलं स्टील, तापवून, पटकन थंड करून, मग हलकं टेंपर केलेलं. हे काही टार्गेटसाठी जन्माला आलेलं नाही, घासून झिजू नये म्हणून डंपरची ट्रॉली, खोदाईची बकेट, खडी क्रशरचे लायनर यासाठी असतं, आपल्याकडे क्रशरवाल्यांना हार्डॉक्स माहीत असतं त्याच जातीचं. फक्त एक लक्षात ठेवायचं, एआर ५०० हे व्यापारातलं नाव आहे, ठरलेला एकच स्टँडर्ड नाही, म्हणून विकत घेताना प्लेटचं मिल सर्टिफिकेट मागायचं आणि त्यावर ब्रिनेलचा आकडा स्वतः वाचायचा.

म्हणजे प्रश्नांचा क्रम असा पाहिजे होता: कुठली गोळी, किती अंतरावरून, किती कडक स्टील, आणि या तिघांचं उत्तर मिळाल्यावर शेवटी जाडी.

समोर असलेले पर्याय

एक म्हणजे सगळं सोडून कागदावर परत जायचं. वहिनींचं मत तेच होतं आणि ते उडवून लावण्यासारखं अजिबात नव्हतं. दुसरं, तीच प्लेट उलटी करून फक्त पॉइंट टू टू साठी ठेवायची. शिशाच्या हळू गोळीला हे चाललंही असतं, पण कधीतरी कोणीतरी त्यावर रायफल चालवणार ही भीती मला होती, आणि पुढे जे झालं त्यावरून ती भीती खरीच निघाली, ते खाली येईल. तिसरं, तयार एआर ५०० टार्गेटं विकत घ्यायची, यात डोकं लावायला लागत नाही, फक्त पैसे. चौथं, एआर ५०० चा उरलेला तुकडा स्टील यार्डातून घेऊन आपल्या मापाने कापून घ्यायचा.

एआर ४०० पण निघालं बोलण्यात, ब्रिनेल ३६० ते ४४०, थोडं स्वस्त. पिस्तुलाला ते चालतं. पण दादाकडे रायफली होत्या, म्हणून मी ते लगेच बाजूला ठेवलं.

शेवटी चौथा पर्याय घेतला, वहिनींच्या दोन अटींवर: पॉइंट टू टू सोडून बाकी रायफलींसाठी १०० यार्डांच्या आत कुठलीही प्लेट नाही, आणि पहिल्या दिवशी पोरगी येणार नाही. दोन्ही अटी मला आमच्या सगळ्या हिशोबापेक्षा शहाण्या वाटल्या.

जाडी ठरवताना

साधारण रूढ माप असं आहे की एआर ५०० मध्ये पाव इंच म्हणजे दोन सूत पॉइंट टू टू आणि नेहमीच्या पिस्तुलांना पुरतं, तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच हे १०० यार्ड आणि पुढच्या बहुतेक रायफलींना, आणि मोठ्या मॅग्नम रायफली असतील तर चार सूत. पण या मापाच्या पोटात वेगाची अट दडलेली असते आणि ती कोणी सांगत नाही. गोळी प्लेटवर आदळताना वेग सेकंदाला ३,००० फुटांच्या वर असेल तर एआर ५०० ला सुद्धा छोटे खड्डे पडतात. टू टू थ्रीची तीच गोळी १०० यार्डांवर पोचेपर्यंत २,७५० च्या आसपास येते. म्हणजे १०० यार्डांची अट ही फक्त अंगावर तुकडे येऊ नयेत म्हणून नाही, प्लेट सपाट राहावी म्हणून पण आहे, आणि प्लेट सपाट राहिली तरच अंगावर तुकडे येत नाहीत. थ्री ओ एटची गोळी जड असते पण सुटतानाच २,६०० ते २,७०० ने सुटते, त्यामुळे गंमत अशी की तीन सूत प्लेटला छोटी टू टू थ्री जवळून जास्त त्रास देते.

दादाला दोन जाड्या घ्यायच्या होत्या. पॉइंट टू टू साठी पातळ, कारण हलकी प्लेट छान झुलते. मी म्हणलं सगळं तीन सुतातच कर, एकच जाडी, गोंधळ नको. यावर आमचं चांगलं अर्धा तास चाललं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पॉइंट टू टूची गोळी ४० ग्रेन, वेग १,२०० च्या आसपास, आठ इंची तीन सूत चकतीचं वजन साडेपाच पौंडाच्या जवळ, त्यावर लागली तर चकती जेमतेम हलते आणि पोरीला तर हलताना बघायचं होतं. शेवटी तडजोड झाली, चार इंची दोन चकत्या दोन सुतात, बाकी सगळं तीन सूत. ही तडजोड मी मान्य केली, करायला नको होती.

साइज ठरवताना

साइजबद्दल लोक आवडीने ठरवतात, आठ इंच बरं दिसतं वगैरे. स्टील चॅलेंजच्या स्पर्धेत गोल प्लेटा १० आणि १२ इंची आणि मोठी चौकोनी १८ बाय २४ ची असते, ते बघून दादाने तसाच संच लिहून काढला होता. मी त्याला म्हणलं आधी पोरीचा ग्रुप मोज, म्हणजे तिच्या गोळ्या किती मोठ्या वर्तुळात पडतात ते. बेंचवर रेस्ट ठेवून १०० यार्डांवर तिच्या टू टू थ्रीच्या पाच गोळ्या चार इंचाच्या वर्तुळात बसत होत्या. कोनाचा हिशोब सरळ आहे, २०० यार्डांवर तोच ग्रुप आठ इंच होणार, त्यात ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला की ती गोळी चारेक इंच वाहून जाते. म्हणजे २०० यार्डांवर आठ इंची चकती टांगली तर पोरगी निम्म्या गोळ्या काठावर नाहीतर बाहेर घालणार.

बाहेर गेलेली गोळी बांधात जाते, तिचं काही नाही. काठावर लागलेली वाईट. सपाटीवर लागलेल्या गोळीचे तुकडे कुठे जाणार हे आपल्याला ठाऊक असतं, काठाला चाटून गेलेली अर्धी गोळी कुठे जाणार हे कोणालाच नाही. म्हणून मोठी प्लेट ही नवशिक्याचे लाड म्हणून नाही घ्यायची, ती सुरक्षेसाठी आहे. आम्ही ठरवलं की ज्याचा जेवढा ग्रुप त्याच्या निदान दीडपट प्लेट. तिच्यासाठी २०० यार्डांवर १२ बाय २०, उभी. १०० यार्डांवर दहा इंची दोन. दादासाठी १०० यार्डांवर सहा इंची. पिस्तुलाला २५ यार्डांवर आठ इंची सहा, एका ओळीत.

इथे एक चूक झाली ती आमच्या दोघांची. यार्डातून मिळालेला तुकडा २४ बाय ४८ इंचाचा, वजन साधारण १२२ पौंड. आम्ही कागदावर काढलं, बारा अधिक बारा चोवीस, आठ त्रिक चोवीस, सगळं कसं गच्च बसतंय बघ. वॉटरजेटवाल्याने, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने, न तापवता स्टील कापणाऱ्याने, ड्रॉइंग परत पाठवलं. कापाची रुंदी कुठे आहे? प्लेटच्या कडेची मार्जिन कुठे आहे? मी क्वालिटीत काम करतो आणि हे मला सुचलं नाही याचं मला वाईट वाटलं. मग परत मांडलं: १२ बाय २० ची एकच, आडवी ठेवून, तिच्याखाली दहा इंची दोन, आणि उरलेल्या सव्वापंचवीस इंचात तीन उभ्या ओळी, प्रत्येक ओळीत आठ, आठ आणि सहा. बेरीज बावीस, म्हणजे मध्ये आणि कडेला सुटायला दोन इंच मिळाले. एक १२ बाय २०, दोन दहा इंची, सहा आठ इंची, तीन सहा इंची. पहिल्या मांडणीत बारा इंची गोल पण होत्या, त्या गेल्या.

कापायचं कशाने

शेजारच्या आजोबांनी गॅस कटरने कापून देतो म्हणून सांगितलं होतं, फुकट. दादाचं मन त्यांच्याकडेच ओढत होतं, माणूस प्रेमाने सांगतोय, नाही कसं म्हणायचं. वॉटरजेटचं बिल जवळपास प्लेटच्या किमतीएवढं होतं.

पण पाणी पाजलेल्या स्टीलला अडीचशे डिग्री सेल्सियसच्या वर तापवलं की पाणी उतरायला लागतं. गॅस कटरची आच काठापासून आत पसरते. समजा सगळीकडून एक इंच पट्टा मऊ झाला, तर १२ बाय २० च्या प्लेटमध्ये मधला १० बाय १८ कडक राहतो, तीन चतुर्थांश भाग. सहा इंची चकतीत मात्र मधले चार इंच उरतात, क्षेत्रफळाने निम्म्याहून कमी. म्हणजे प्लेट जितकी लहान तितकी कापण्याची पद्धत महत्त्वाची. हे मी आजोबांना जाऊन समजावलं आणि ते लगेच बोलले की तुमचं बरोबर आहे, मी आयुष्यभर गेटं आणि ट्रेलर केले, हे स्टील कधी केलं नाही. त्यांनी मग लाकडी स्टँडचं सगळं काम करून दिलं.

एक गोष्ट त्यांच्यासमोरच करून बघितली. टाकाऊ कोपऱ्याचा एक काठ त्यांनी गॅसने कापला, गार झाल्यावर मी कानस घेतली. मध्यावर कानस घसरत होती, करकर आवाज, चमक तेवढी उठली. काठाकडे आलो तशी ती धरायला लागली, बारीक कीस निघाला, जसा एमएसवर निघतो. आजोबांनी कानस माझ्या हातातून घेऊन स्वतः तीन वेळा करून बघितलं.

याच कारणाने पुढच्या तोंडावर कुठेही वेल्डिंग करायचं नाही. भोकं पण वॉटरजेटनेच पाडून घेतली, चौकोनी, कॅरेज बोल्ट बसेल अशी, म्हणजे समोरून फक्त गुळगुळीत घुमटीसारखं डोकं दिसतं. प्रत्येक प्लेटला दोन भोकं, एक ठेवलं की प्लेट गरगर फिरते आणि काठ समोर येतो.

टांगायचं कसं

प्लेटचा वरचा काठ नेमबाजाकडे झुकलेला पाहिजे, तोंड जमिनीकडे, साधारण २० अंश, म्हणजे फुटलेल्या गोळीचा बहुतेक मलबा प्लेटच्या पायाशी मातीत जातो. दादाची पहिली प्लेट नेमकी उलटी, मागे कललेली होती. हा झुकाव मिळवायची सोपी युक्ती म्हणजे बोल्ट लांब घ्यायचा, प्लेटच्या मागे पाइपचा तुकडा घालायचा आणि साखळी त्या तुकड्याच्या मागे अडकवायची. टांगण्याची जागा मागे गेली की प्लेट आपोआप पुढे झुकते.

आम्ही सगळ्यांना दोन इंची तुकडे कापले आणि टांगल्यावर गडबड दिसली. आठ इंची चकत्या तीसेक अंश वाकून जमिनीकडे बघत होत्या, आणि १२ बाय २० जवळजवळ सरळ. कोन हा तुकड्याच्या लांबीवर एकटा अवलंबून नाही, भोकापासून प्लेटच्या मध्यापर्यंतच्या अंतरावर पण आहे. २० अंशांसाठी त्या अंतराच्या ०.३६ पट तुकडा लागतो. आमची भोकं वरच्या काठापासून एक इंचावर, म्हणून १२ बाय २० मध्ये अंतर नऊ इंच, तुकडा सव्वातीन इंच. दहा इंचीला चार इंच अंतर, तुकडा दीड इंचाच्या जरा आत. आठ इंचीला एक इंचाच्या थोडा वर, सहा इंचीला पाऊण इंच. परत सगळे कापले. साइज ठरवतानाच हे गणित केलं असतं तर बोल्ट दोनदा आणावे लागले नसते.

निकाल

पहिल्या दिवशी फक्त दादा आणि मी. पिस्तूल २५ यार्डांवर, रायफल १०० आणि २००. बाजूच्या डोळ्यांनाही आडोसा असलेले गॉगल, लांब बाह्या. गोळ्यांना आधी फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघितलं, ज्या चिकटल्या त्या परत डब्यात, कारण पोटात किंवा कवचात लोखंड असलेली गोळी प्लेट खराब करते आणि ठिणग्या पण पाडते, टेक्सासच्या उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात ठिणगी नको. हिरव्या टोकाची काडतुसं, ज्यांच्या गोळीच्या पोटात लोखंड असतं, ती दादाने काढूनच टाकली.

शंभर गोळ्यांनंतर प्लेटांवरून हात फिरवला. सपाट. तांब्याचे आणि शिशाचे फराटे, बोटाला जाणवेल असं काही नाही. प्लेटांखालची माती मात्र नांगरल्यासारखी झाली होती, अर्धगोल. आणि स्टँडचे लाकडी खांब प्लेटच्या उंचीवर आतल्या बाजूने तासलेले, जणू कोणी पटाशी मारलीय. ते खांब मी वहिनींना मुद्दाम दाखवले, तुकडे नक्की कुठे जातात ते त्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी स्वतः खांबाच्या नेमबाजाकडच्या बाजूवरून हात फिरवला, तिथे काही नव्हतं. पुढच्या रविवारी पोरगी आली.

आठ महिने झाले, तीन सुताच्या सगळ्या प्लेटा शाबूत आहेत, दर दोन-तीन महिन्यांनी पुढची बाजू मागे करतो. घरात शिरण्याआधी सगळ्यांनी हात आणि तोंड धुवायचं, कपडे वेगळे, कारण प्लेटांच्या पायाशी शिशाची पूड पडलेली असते.

बिघडलं ते एकच. दिवाळीत आलेल्या एका पाहुण्याने टू टू थ्री घेतली आणि १०० यार्डांच्या बाकावरूनच, पण ५० यार्डांवरच्या त्या चार इंची पातळ चकतीवर नेम धरला. दादाचं लक्ष दुसरीकडे होतं. दोन खड्डे, चकती वाकली. कोणाला लागलं नाही. दादाने दोन्ही पातळ चकत्या त्याच दिवशी भंगारात टाकल्या.

आता परत करायचं झालं तर

पातळ चकतीची गरजच नव्हती, हे मला खूप उशिरा लक्षात आलं. चार इंची दोन सूत चकतीचं वजन ०.९ पौंड. तीन इंची तीन सूत चकतीचं ०.७५ पौंड. म्हणजे जाडी न घटवता व्यास एक इंच कमी केला असता तर ती जास्त हलकी झाली असती, जास्त झुलली असती आणि एकच जाडी पण राहिली असती. पॉइंट टू टू रायफलीने ५० यार्डांवर तीन इंच पोरीला अजिबात अवघड नाही. आम्ही अर्धा तास जाडीवर भांडलो आणि साइज बदलून बघायचं कोणाच्या मनात आलं नाही. आता वॉटरजेटवाल्याकडच्या उरलेल्या तुकड्यातून तीन इंची चार कापून आणल्यात, आणि रायफलच्या बाकावर पॉइंट टू टू सोडून काही आलं की ५० यार्डांवरचा स्टँड आधी आडवा पाडायचा असं ठरवलंय.

फुकटची प्लेट नाकारणं सोपं नव्हतं हे पण खरं आहे. दादाला स्टील कळत नव्हतं आणि शेजाऱ्यांना गोळी कळत नव्हती, दोघंही आपापल्या कामात पक्के. मला त्याने पहिल्या शनिवारच्या आधी एक फोन केला असता तर, असं मी खूपदा म्हणतो, पण मी पण त्याला कधी विचारलं नव्हतं की कागदानंतर तू काय टांगणार आहेस. त्याने बांधाचे फोटो पाठवले होते, मी फक्त अंगठा दाखवला होता.

आणि खड्डे पडलेली प्लेट दिसल्या क्षणी थांबायचं, हे मी आता कोणीही विचारलं की सर्वात आधी सांगतो. दादा पहिल्या खड्ड्याला थांबला असता तर हाताला टाका पडला नसता.

ती जुनी प्लेट खड्ड्यांची बाजू खाली करून गोठ्यातल्या पाण्याच्या टाकीखाली घातलीय. पोरीला आता २०० यार्डांवर आठ इंची चकती टांगायचीय, रोज विचारते. मागच्या रविवारी वारा पडलेला असताना तिचा २०० चा ग्रुप सहा इंच आला, दुपारी वारा सुटल्यावर साडेनऊ. दीडपटीचा हिशोब तिनेच केला आणि वहीत लिहून ठेवला, म्हणून १२ बाय २० अजून तिथेच आहे.